उभ्या गाडीचं माप

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी दाजींचं नाव सांगतो. नाव म्हणजे नातं. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला नावाने बोलवायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि ते लिहायलाही माझा हात उचलत नाही. दाजी वडाप चालवतात. पुण्यात हा शब्द समजावून सांगावा लागतो. तालुक्याच्या स्टँडबाहेर जीप लावायची, गावांची नावं ओरडत ती भरायची आणि माणसं बाहेर लोंबायला लागली की निघायचं, याला आमच्या भागात वडाप म्हणतात.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी गणितात मी दोनदा नापास झालो. शाळा मराठी, गाव लहान, आणि कॉलेजात सर काय म्हणाले ते निम्मं समजायच्या आत फळा पुसलेला असायचा. मी घरी आलो आणि दाजींना म्हणालो, "बास झालं आता. मी तुमच्या जोडीला गाडी चालवतो."

दाजी गाडीची काच पुसत होते. वळलेसुद्धा नाहीत. "आपल्या गाडीत जागा न्हाई तुला," म्हणाले.

ज्या गाडीत पंधरा माणसं बसवून सोळाव्यासाठी ते "सरका की वाईच" म्हणायचे, त्या गाडीत मला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जीपमधून त्यांनी मला कॉलेजच्या फाटकाशी नेऊन सोडलं आणि मी आत जाईपर्यंत तिथेच थांबले. तिसऱ्या वेळी मी पास झालो. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेला मी पहिला. घरच्यांनी पेढे वाटले ते पदवीचे. मला मात्र त्या कागदापेक्षा दाजींचं "जागा न्हाई" मोठं वाटतं.

नोकरीही त्यांनीच लावून दिली. वारज्याच्या पुढे, महामार्गाच्या सर्व्हिस रोडला एक वर्कशॉप आहे. डोंगरात, नदीपात्रात, चिखलात घालायच्या जीपगाड्यांची उंची वाढवायची आणि त्यांना मोठी चाकं बसवायची, हे तिथलं काम. मालक मूळचे तिथलेच. त्यांच्या घरच्या शेतावरच आता ती पत्र्याची शेड आहे. दाजी कित्येक वर्षं आपल्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम त्यांच्याकडे करून घेत होते, त्या ओळखीवर ते मला घेऊन गेले. माझे मार्क किती, मला काय येतं, यातलं काही त्यांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "पोरगं कष्टाळू हाय. आणि उलटून बोलणार न्हाई. बोललंच तर मला सांगा, मी बघतो."

मालक हसले. "इंजिनिअर आणि उलटं बोलत नाही? बघू की."

हा शब्द माझ्या वतीने दिला गेला होता. मी तो तीन वर्षं पाळला.

तिथे माझं पहिलं हसं झालं ते एका इंग्रजी शब्दावरून. जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलजवळ एक आडवा लोखंडी बार असतो. वळणावर गाडी एका अंगाला कलली की हा बार पिळला जातो आणि गाडीला परत सरळ ओढतो. बार फ्रेमला धरलेला असतो, आणि त्याची दोन टोकं खाली अ‍ॅक्सलला जोडायला वीतभर लांबीच्या दोन दांड्या असतात. त्या लिंक. कॅटलॉगमध्ये त्यांना 'स्वे बार लिंक' असं लिहिलेलं असतं. मी इंग्रजी स्पेलिंग पाहून 'स्वय' वाचलं. हिंजवडीत काम करणारा एक गिऱ्हाईक समोर होता. तो म्हणाला, "स्वय नाही रे, स्वे. स्वयंपाक नाहीये हा."

सगळे हसले. मीही हसलो. पण जाताना त्याने तोच बार काढून टाकायला सांगितला, कारण त्याच्या कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी तसं लिहिलं होतं. उच्चार त्याचा बरोबर होता आणि गाडी चुकीची होती. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हसा किती हसायचं ते, पण या शेडमध्ये लिंकबद्दल माझ्याइतकं कुणाला कळणार नाही, असं मी करून दाखवीन. मग येणाऱ्या प्रत्येक गाडीखाली मी झोपलो. कुठल्या गाडीला किती उंची वाढवल्यावर बार कसा बसतो, सांध्यातला रबरी बुश कुठून फाटतो, लिंक कशाला घासते, हे एका वहीत मराठीत लिहून काढलं. मराठीत लिहिल्याने लोखंड वेगळं वागत नाही.

मग मागच्या दिवाळीनंतर त्या बाई आल्या.

बाई कर्वेनगरात राहतात आणि कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. विद्यार्थ्यांना घेऊन दगड बघायला वेल्ह्याकडच्या, मुळशीकडच्या डोंगरात स्वतः जीप चालवत जातात. कच्च्या रस्त्यावर गाडीचं पोट दगडांना घासत होतं, म्हणून त्यांना उंची वाढवून हवी होती. कागदपत्रांत काय बसतं आणि काय नाही, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

मालकांनी नेहमीचं सुरू केलं. "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. सगळं आमच्यावर सोडा."

"टेन्शन मी घेत नाही, देते," बाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, गाडी वर गेल्यावर खालचं काय काय तोकडं पडतं?"

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "हा सांगेल. इंजिनिअर आहे."

"अहो इंजिनिअर, सांगा मग."

मी त्यांना गाडीजवळ नेलं. म्हणालो, "फ्रेम वर जाते, अ‍ॅक्सल आहे तिथेच राहतो. मधल्या लिंक जुन्याच ठेवल्या तर त्या बारची टोकं खाली ओढून धरतात. बार आडवा हवा, तो उतरता होतो. मग खड्ड्यात चाक लोंबलं की लिंकवर आणखी ताण येतो आणि एक दिवस बुश फाटतो, नाहीतर सांधाच सुटतो."

"माझा भाचा म्हणत होता, बारच काढून टाक. शहाणे लोक तसंच करतात म्हणे."

"दगडातून हळूहळू जाताना बरं पडतं ते. चाक मोकळं खालीवर होतं. पण तुम्ही याच गाडीने रोज कॉलेजला जाणार. उंची वाढली म्हणजे गाडी आधीच जास्त कलणार. त्यात बार नसला तर घाटातल्या वळणावर मागची मुलं एकमेकांच्या अंगावर पडतील."

"पडतील, आणि रिपोर्टमध्ये नेमकं तेवढंच लिहितील. नको. पुढे?"

"पिनवाल्या लिंक मिळतात. डोंगराच्या पायथ्याशी पिन काढून लिंक सोडवायची, परतताना पुन्हा लावायची."

"मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. पिन काढायची मला आठवेल. लावायची आठवेल असं लिहून देता?"

"नाही."

"मग पुढे."

"आट्यांच्या मिळतात. फिरवून लांबी कमीजास्त करता येते. पण चिखल आट्यांत जातो, आणि नट सैल झालाय का हे सारखं बघावं लागतं."

"सारखं बघायला घरी पुरेसं आहे. आणखी?"

"एकाच लांबीच्या. दोन्ही टोकांना रबरी बुश. आवाज नाही, सैल होणं नाही. फक्त माप चोख हवं, कारण एकदा बनवल्या की त्यांची लांबी बदलता येत नाही."

"मुकाट्याने काम करणारं काहीतरी मिळालं एकदाचं," बाई म्हणाल्या. "ह्याच घाला."

गाडीची उंची वाढवून झाली. लिंक भोसरीतल्या एका कारखान्यातून मापाप्रमाणे बनवून येणार होत्या. मी कामाच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'गाडी उभी असताना, बार आडवा धरून, लिंकचं माप घेणे.' त्याच संध्याकाळी मला ताप भरला आणि आठवडाभर मी खोलीवर पडून राहिलो.

परत आलो तो शुक्रवार होता. लिंक बनून आल्या होत्या आणि आमचे मिस्त्री त्या बसवत होते. मिस्त्री खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. हात पक्का, बोलणं तिरकं. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर उचललेली होती, चारही चाकं हवेत लोंबत होती. खालून बघितलं तर बार असा आडवा, की वर पाणसळ ठेवावी. मला समाधान वाटलं.

मग गाडी खाली घेतली. चाकं जमिनीला टेकली, गाडीने आपलं वजन चाकांवर घेतलं, आणि बारची दोन्ही टोकं वर गेली. कुणी बंदूक रोखल्यावर हात वर करावेत तशी.

"मिस्त्री, माप कसं घेतलंत?"

"तुम्ही लिहिलं तसं. गाडी उभी असताना."

"उभी म्हणजे?"

"म्हणजे काय, उभी केली." त्यांनी लिफ्टच्या खांबाकडे बोट केलं. "इथं आम्ही रोज म्हणतो की, गाडी उभी करा, खालून बघायचंय."

मी डोक्याला हात लावला. आमच्याकडे गाडी उभी आहे म्हणजे ती चाकांवर थांबलेली आहे. दाजींची जीप स्टँडबाहेर तास-तास उभी असते, तशी. तीन वर्षं या शेडमध्ये काढून मी कामाच्या चिठ्ठीवर गावाकडचा 'उभी' लिहिला होता, आणि मिस्त्रींनी शेडमधला वाचला होता. चाकं लोंबत असताना बार आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर सगळ्यात जास्त असतं. त्या अंतराने बनवलेल्या लिंक चार बोटं लांब झाल्या होत्या.

"मग चाकांवर असलेल्या गाडीला काय म्हणायचं?" मी विचारलं.

"पार्क केलेली," मिस्त्री म्हणाले. "पुण्यात आहात तुम्ही. इथं उभं राहायला जागा कुठंय?"

मी खाली झोपलो. चाक पूर्ण वळवायला सांगितलं. टायर आणि लिंक यांच्यात वहीचं पान जाईल एवढीच फट उरली होती. एखाद्या गतिरोधकावर चाक वर दाबलं गेलं की बारचं टोक फ्रेमवर आपटणार हे दिसतच होतं. घाटात, भरलेल्या गाडीत, वळणावर काय झालं असतं याचा मी विचार केला आणि मला परत ताप आल्यासारखं वाटलं.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बसल्यात ना? मग झालं. बाई उद्या सकाळी येणार आहेत. डोंगरात जायचंय त्यांना मुलं घेऊन."

"म्हणूनच देता येणार नाही."

"जुन्या घाल तात्पुरत्या."

जुन्या लिंकचे बोल्ट गंजून धरले होते, म्हणून त्या ग्राइंडरने कापून काढल्या होत्या. मी तसं सांगितलं.

"मग ह्याच मधून काप, चार बोटं कमी कर आणि वेल्डिंग मारून दे. काळा रंग मारला की कोण बघतंय?"

"मी बघतोय," मी म्हणालो.

शेडमध्ये ग्राइंडर बंद झाला. मालकांनी माझ्याकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघितलं. "तुझ्या दाजीनं शब्द दिलाय मला. उलटून बोलणार नाही म्हणून. लावू का फोन?"

"लावा."

त्यांनी लावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वर्षानुवर्षं इंजिनाच्या शेजारी बसून दाजींचे कान गेले आहेत. समोर बसलं तर ओठ बघून त्यांना सगळं समजतं. फोनवर फक्त आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. ते हे कबूल करत नाहीत. घरात आम्हीही विषय काढत नाही. फोनवर कुणी काही म्हणालं की ते होकार देतात.

"तुमचं पोरगं उलट बोलायला लागलंय," मालक म्हणाले.

"हो, हो."

"मी म्हणतोय गाडी द्यायची, हा म्हणतोय द्यायची नाही."

"बरोबर हाय तुमचं."

"मग समजवा त्याला."

फोन माझ्यापुढे आला. मी मोठ्याने म्हणालो, "दाजी, लिंक चुकीच्या बनल्यात. गाडीत मुलं बसणार आहेत."

"हो, हो. ऐकत जा त्यांचं," दाजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मालकांनी हात झटकले. आता बोलायला काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ. दाजींना यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही, हे त्या शेडमध्ये मला एकट्यालाच माहीत होतं. मी ते सांगू शकलो असतो. पण चारचौघांत दाजींना बहिरं ठरवून स्वतःची सुटका करून घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणजे आता गाडी अडवायची तर मालकांचंच नाही, दाजींचंही ऐकायचं नाही, असा मामला झाला. ज्यांचं ऐकूनच मी इथवर आलो होतो त्यांचं.

मी त्यांचं ऐकलं नाही.

शनिवारी सकाळी बाई आल्या. पाठीवर सॅक, हातात दगड फोडायचा हातोडा, पायात बूट. मालक पुढे झाले. "या मॅडम. गाडी तयार आहे."

"तयार नाही," मी म्हणालो.

बाईंनी दोघांकडे बघितलं. "तुमच्यात मतदान घेऊन मग मला बोलवायचंत."

"खाली वाकून बघता का?" मी म्हणालो. त्या कमरेवर हात ठेवून वाकल्या. मी टॉर्च धरला. "हा बार आडवा असायला हवा होता."

"हा तर हात वर करून उभा आहे."

"लिंक लांब झाल्यात. माप लिफ्टवर घेतलं गेलं. मी चिठ्ठीत 'उभी' लिहिलं होतं, त्याचे इथं दोन अर्थ होतात. चूक माझी आहे. पण या लिंकवर ही गाडी घाटात नेऊ नका. घाटात कशाला, कर्वेनगरलासुद्धा नेऊ नका."

"मॅडम, इतकं काही नसतं," मालक मध्येच म्हणाले. "पोरगं नवीन आहे, घाबरतंय."

"नवीन आहे म्हणून वाकून बघतोय वाटतं," बाई म्हणाल्या. "जुने झाल्यावर काय करतात?"

मला वाटलं, आता बाई माझी बाजू घेतील. त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता. "आणि तुम्ही. माझे पाच विद्यार्थी चांदणी चौकात वाट बघतायत. त्यांना काय सांगू? एका मराठी शब्दापायी डोंगर रद्द?"

"हो. तसंच सांगा."

त्यांनी हातोडा सॅकमध्ये कोंबला आणि रिक्षा मिळेपर्यंत सर्व्हिस रोडला उन्हात थांबल्या. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. त्यांचा दिवस माझ्याच एका शब्दाने वाया घालवला होता.

रिक्षा गेल्यावर मालक म्हणाले, "सोमवारपासून येऊ नको."

"सोमवारी येणार," मी म्हणालो. "लिंकचं माप घ्यायचंय. ते माझ्या चुकीने बिघडलंय, मीच नीट करणार. त्यानंतर काय ते बोला."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण निघालं ते एकदाही न अडखळता.

सोमवारी मी गेलो. मला कुणी अडवलं नाही. ते काम दुसऱ्या कुणाला जमणार नव्हतं, हे एक कारण असेल. गाडी सपाट जमिनीवर घेतली. टाकी भरली. मागे मुलं आणि दगडांच्या पेट्या असतात म्हणून तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवली. गाडी दोनदा पुढेमागे करून स्प्रिंगा बसू दिल्या. मग बार आडवा धरून मिस्त्रींनी एका बाजूने माप घेतलं, मी दुसऱ्या बाजूने. दोघांचा आकडा एक आला.

"आता ही उभी म्हणायची का आडवी?" मिस्त्री म्हणाले.

"चार चाकं जमिनीवर," मी म्हणालो, आणि चिठ्ठीवर तसंच लिहिलं.

नव्या लिंक आल्या, बसवल्या. गाडी जमिनीवर आणि बार आडवा. चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, लिंकला कुठे काही लागत नव्हतं. बाई आल्या, गाडी घेऊन सर्व्हिस रोडच्या सगळ्या गतिरोधकांवरून फिरून आल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "आवाज नाही." मग निघून गेल्या.

त्याच दुपारी मालकांनी मला आत बोलावून एक कोरा कागद पुढे ठेवला. आवाज चढलेला नव्हता. "लिहून दे. यापुढे मालकांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, झालं त्याची माफी मागतो. सही कर आणि कामाला लाग. तुझ्या दाजीचाही मान राहील."

मी कागद घेतला. लिहिलं, 'लिंकचं माप गाडीची चारही चाकं जमिनीवर टेकलेली असताना घ्यावं. उचललेल्या गाडीवर घेतलेलं माप धरू नये. आधीच्या चिठ्ठीत मी "उभी" असा शब्द लिहिला, ती माझी चूक आहे.' खाली सही केली.

मालकांनी वाचलं. "माफी कुठाय यात?"

"चूक केली ती लिहिली आहे. गाडी अडवली ती चूक नव्हती. तिची माफी मी मागणार नाही."

"मग जा."

मी माझी वही घेतली आणि निघालो. दाराशी मिस्त्री कपात चहा ओतत होते. "अहो," ते म्हणाले, "चहा पिऊन तरी बंड करा." मी चहा प्यालो. त्यांच्या शेजारी बसून, पूर्ण कप, सावकाश, मालकांच्या केबिनच्या काचेसमोर.

खोलीवर आल्यावर आधी दाजींना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. त्यांनी होच म्हटलं असतं. दाजी रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. म्हणून मी पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं. ते असं:

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र ताईला वाचायला देऊ नका, तुम्हीच वाचा. मी नोकरी सोडली आहे. मालकांशी वाद घालून सोडली आहे. त्यांनी तुम्हाला फोन केला होता तेव्हा तुम्ही 'बरोबर हाय तुमचं' म्हणालात. तुम्हाला काय विचारलं होतं ते आता लिहितो.

एका बाईंच्या गाडीच्या लिंक चार बोटं लांब बनल्या होत्या. त्यात माझीही चूक होती. त्या तशाच ठेवून, नाहीतर कापून वेल्डिंग मारून गाडी घाटात पाठवायची, असं मालक म्हणत होते. गाडीत पाच मुलं बसणार होती. मी नाही म्हणालो. विचारलं होतं ते एवढंच.

दाजी, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी म्हणत नाही. मी म्हणतो. रागावलात तरी चालेल, पण साताऱ्याला जाऊन कान दाखवून या. तुमच्याही गाडीत माणसं बसतात आणि मागून येणारा हॉर्न वाजवत असतो.

तुम्ही माझ्या वतीने मालकांना सांगितलं होतं, की हा उलटून बोलणार नाही. मी बोललो. रागाने नाही, शुद्धीवर राहून बोललो. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. तो शब्द तुम्ही दिलात तेव्हा मला भीती वाटत होती, म्हणून मी शेजारी मान खाली घालून बसलो. तेव्हाच मान वर करून तुम्हाला थांबवायला हवं होतं. आता तुम्ही तो शब्द परत घ्या. माझ्यासाठी पुन्हा कुठे रदबदली केलीत तर हा शब्द देऊ नका.

तिथे तुमचा मान आहे आणि माझ्यामुळे तुमची पंचाईत होईल, हे मला कळतं. त्यासाठी मला समोर बसवून हवं तेवढं बोला, मी ऐकून घेईन. पण माझ्या वतीने त्यांची माफी मागू नका. त्यांचा फोन आला तर ताईच्या हातात द्या. नाहीतर तुम्ही हो म्हणाल, आणि मी न मागितलेली माफी मागितल्यासारखी होईल.

भोसरीत ज्यांनी लिंक बनवल्या त्यांना मी फोन केला, त्यांनी मला गुरुवारी बोलावलं आहे. तिथे जमलं नाही तर आणखी कारखाने आहेत. मी गावी परत येणार नाही. उत्तर लिहिलंत तर खोलीच्याच पत्त्यावर लिहा.

तुमचा धाकटा मेहुणा